कोल्हापूर आणि फौज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्हाळ्याला आलेले पाहुणे, भरतीची तयारी करणारी मुलं, आजोबा-पणजोबांची पलटण शोधणारी घरं, इतिहासाचे विद्यार्थी. या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात. १८४४ आणि १८५७ ची उत्तरं मात्र लांबली आहेत, कारण तिथे घाई करून चालत नाही.

कोल्हापुरात कॅन्टोन्मेंट नाही. मग त्याला लष्करी शहर का म्हणायचं?

पुणे, खडकी, देवळाली, कामठी, अहमदनगर, बेळगाव या गावांत छावणी आली आणि तिच्याभोवती बाजार, चर्च, बंगले, सरळ रस्ते असं शहर वाढलं. कोल्हापुरात कॅन्टोन्मेंट बोर्ड नाही. इंग्रजी पलटणीच्या लाईनी इथेही पडल्या होत्या, पण शहराचा स्वभाव त्यांनी घडवला नाही. तो घडवला गडांवरच्या शिबंदीने. पन्हाळा, पावनगड, विशाळगड, भुदरगड, सामानगड, पारगड हे गड राखणारी माणसं आसपासच्या गावांतली होती. गडाखालची जमीन कसायची आणि वेळ आली की गडावर चढायचं, असा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज होता.

म्हणजे या मुलखाने दोन प्रकारची शिबंदी पाहिली. एक वतनावर जगणारी, इथल्या मातीतली. दुसरी पगारावर, बाहेरून आणून बसवलेली. कोल्हापूरच्या एकोणिसाव्या शतकाचा बराचसा इतिहास या दोघींच्या झगड्याचा आहे, आणि खाली जे लिहिलं आहे ते बहुतेक त्याच धाग्याने बांधलेलं आहे.

आधी पन्हाळा की आधी कोल्हापूर?

वस्ती म्हणून कोल्हापूर जुनं. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली उत्खनन झालं. रोमन बनावटीची समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीचीच, ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. पन्हाळा गड म्हणून उभा राहिला तो बाराव्या शतकाच्या अखेरीस, शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात.

राजधानी म्हणून मात्र क्रम उलटा लागतो. महाराणी ताराबाईंनी वेगळी गादी उभी केली तेव्हा कारभार पन्हाळ्यावरून चालत होता. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांच्या हद्दी ठरल्या, तेव्हाही राजधानी गडावरच होती. ती खाली शहरात आली १७८२ च्या सुमारास. गावाभोवती तट आणि वेशी होत्या. तट गेला, पण गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थ वेस ही नावं रिक्षावाल्यांच्या तोंडी रोज असतात. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या ताराराणींचा पुतळा आहे. पुण्या-मुंबईकडून शहरात शिरणाऱ्याला पहिलं दर्शन त्यांचं होतं, आणि ते तसंच हवं.

गडावरची शिबंदी नेमकी कशी असायची?

गडावर हवालदार मुख्य. त्याच्या जोडीला सरनोबत, सबनीस आणि कारखानीस. फौज, हिशेब आणि कोठार वेगवेगळ्या हातांत ठेवलेली, जेणेकरून एकट्याने फितुरी करून गड देता येऊ नये. तटाखाली घेऱ्यात मेटं, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या असत. तिथे रामोशी, बेरड, महार, कोळी अशा जमातींची माणसं वाटा आणि जंगल राखत. पुस्तकात किल्लेदाराचं नाव येतं, मेटकऱ्याचं येत नाही. पण रात्री झाडीत काटकी मोडली तर ती पहिल्यांदा ऐकायचा तो मेटकरीच.

शिबंदी किती दिवस टिकणार हे धान्यावर ठरायचं. त्यासाठी पन्हाळ्यावरचा अंबरखाना नीट बघा. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावं. गंगा कोठीत शिरलात की लगेच मागे फिरू नका. डोळे अंधाराला सरावले की वर पाहा. प्रत्येक खणावर वेगळी कमान आणि तिच्या माथ्यावर भोक. बाहेरच्या पायऱ्यांनी धान्य छतावर न्यायचं आणि त्या भोकांतून खाली ओतायचं. भिंती इतक्या जाड की बाहेर पन्हाळ्याचा पाऊस कोसळत असला तरी आतलं धान्य कोरडं राहावं. वेढा म्हणजे काय, हे मला कुठल्याही लढाईच्या चित्रापेक्षा या कोठीत उभं राहिल्यावर जास्त कळतं.

शिवछत्रपतींच्या काळात पन्हाळ्याचं एवढं महत्त्व का?

कोकणातून घाटावर येणाऱ्या वाटा इथून राखता येतात, आणि दक्षिणेकडे आदिलशाही मुलखावर नजर राहते. अफझलखानाचा वध झाल्यावर काही दिवसांतच, नोव्हेंबर १६५९ मध्ये महाराजांनी गड घेतला. डिसेंबरच्या अखेरीस कोल्हापूरजवळ आदिलशाही सरदार रुस्तुमेजमानच्या फौजेचा पराभव झाला. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला. जुलैच्या पावसात महाराज निसटले. शिवा काशीद यांनी महाराजांचं सोंग घेऊन मरण पत्करलं आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली.

पुढे गड पुन्हा आदिलशाहीकडे गेला. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी साठेक माणसांनिशी रात्रीत तो परत घेतला.

सिद्दी जौहरच्या वेढ्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज सिद्दीच्या बाजूने तोफा आणि गोळे घेऊन पन्हाळ्याखाली आले होते. महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरवर चाल करून त्याचा हिशेब चुकता केला. इंग्रज आणि पन्हाळा यांची गाठ १८४४ च्या आधी जवळजवळ दोन शतकं पडली होती.

१८४४ चं गडकऱ्यांचं बंड काय होतं?

कोल्हापूरच्या लष्करी इतिहासातला हा सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग.

१८३८ मध्ये राजे बाबासाहेब लहान वयात गादीवर आले. अज्ञानकाळात इंग्रजांनी कारभार दाजी कृष्ण पंडित यांच्याकडे दिला. नव्या कारभारात गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्या वतनी घरांच्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली आणायचं ठरलं. कचेरीतून पाहिलं तर ही महसुलाची साफसफाई. गडकऱ्याच्या घरातून पाहिलं तर जमीन गेली म्हणजे गडावरचा हक्क गेला आणि गावातला मान गेला. सामानगडच्या शिबंदीने दरवाजे लावून घेतले. भुदरगड उठला. लोण पन्हाळा, विशाळगड आणि सावंतवाडीकडे मनोहरगडापर्यंत पोचलं. कोल्हापूर शहरात बाबाजी अहिरेकर यांनी लोकांना एकत्र केलं. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यालाच बंडवाल्यांनी पकडून पन्हाळ्यावर ठेवलं. कंपनी सरकारचा एवढा मोठा अधिकारी गडावर कैदेत, ही गोष्ट मुंबईपर्यंत झोंबली.

जनरल डेलामोट आणि कर्नल आउट्रम फौजा घेऊन आले. ऑक्टोबरात सामानगड पडला. १ डिसेंबरला तोफांनी पन्हाळ्याच्या तटाला खिंडार पाडून गड घेतला. अहिरेकर मारले गेले. मग सूड उगवावा तसे गडांचे तट पाडले. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्यातच गेला. आज तिथे उरलेले चौथरे पाहून लोक म्हणतात, काळाच्या ओघात पडलं असेल. काळाने पाडलं नाही, इंग्रजांनी पाडलं.

वंशपरंपरेची गडकरी शिबंदी मोडली ती तेव्हाच. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली, गाव आणि गड एकत्र बांधणारी व्यवस्था काही महिन्यांत संपली. त्या घरांमधल्या हत्यारांचं, हक्कांचं, सवयींचं पुढे काय झालं, याचा शोध तालुक्या-तालुक्यांत घ्यायला हवा. घरातल्या जुन्या कागदांत गडकरी, नाईकवाडी, शेतसनदी असे शब्द दिसले तर ते कागद रद्दीत टाकू नका. मोडी वाचणारं कुणी गाठा.

इंग्रजांच्या लाईनी शहरात कुठे होत्या?

शहराच्या उत्तरेला, कसबा बावड्याच्या वाटेवर. लाईन बाजार हे नाव तिथूनच आलं. जवळच पोलिसांचं मैदान आहे. लाईन बाजार आज हॉकीसाठी ओळखला जातो. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात हॉकीला जीव लावणारी ही पेठ वेगळी उठून दिसते.

३१ जुलै १८५७ च्या रात्री काय घडलं?

कोल्हापुरात तेव्हा मुंबई लष्कराची सत्ताविसावी नेटिव्ह इन्फन्ट्री होती. त्या रात्री, भर पावसात, पलटणीतल्या शिपायांनी उठाव केला. पुढाऱ्यांमध्ये रामजी शिरसाट यांचं नाव घेतलं जातं. खजिना लुटला गेला आणि पळून निघालेल्या काही गोऱ्या अधिकाऱ्यांना मारण्यात आलं. शहराचे दरवाजे मात्र शिपायांना उघडले गेले नाहीत, आणि तिथेच उठावाची ताकद अर्धी झाली. काही शिपाई कोकणाच्या दिशेने गेले, काही पागेच्या मजबूत वाड्यात अडून बसले.

साताऱ्याहून लेफ्टनंट विल्यम केर दक्षिण मराठा घोडदळाचे स्वार घेऊन धावत आला. पागेचे दरवाजे फोडून त्याने ती जागा घेतली आणि त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या बरोबरीने दरवाजा फोडणारा स्वार होता गणपतराव देवकर. दाराच्या आत मराठी मुलखातले शिपाई, दाराबाहेर मराठी मुलखातलेच स्वार. १८५७ सांगताना हे वगळून पुढे जाता येत नाही. पोटासाठी पलटणीत गेलेल्या माणसाने त्या रात्री कुठल्या बाजूला उभं राहायचं हे त्याच्या हातात किती होतं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

ऑगस्टमध्ये कर्नल ले ग्रँड जेकब आला. पलटणीची हत्यारं काढून घेतली गेली. कुणाला फाशी झाली, कुणाला गोळ्या घातल्या, कुणाला तोफेच्या तोंडी दिलं.

चिमासाहेब महाराजांचा त्यात काय भाग होता?

चिमासाहेब हे राजे बाबासाहेबांचे धाकटे बंधू. बाबासाहेब इंग्रजांशी जुळवून घेणारे. चिमासाहेबांकडे मात्र लोक उठावाचा आधार म्हणून पाहत. ६ डिसेंबर १८५७ च्या पहाटे शहराच्या वेशी आतून बंद झाल्या. या दुसऱ्या उठावात फिरंगोजी शिंदे यांचं नाव पुढे येतं. जुलैअखेर पलटण उठली तेव्हा शहर बंद राहिलं होतं, डिसेंबरात शहर उठलं तेव्हा पलटण उरली नव्हती. दोन्ही एकाच वेळी घडलं असतं तर जेकबला कोल्हापूर इतकं सोपं गेलं नसतं. त्याने त्याच दिवशी दरवाजा उडवून शहर ताब्यात घेतलं.

चिमासाहेबांना कराचीला हद्दपार केलं गेलं. तिथेच १८६९ मध्ये त्यांचं निधन झालं. कोल्हापूरला परत येणं त्यांच्या नशिबी नव्हतं. सीपीआर रुग्णालयाजवळच्या चौकाला त्यांचं नाव आहे. रोज हजारो माणसं तिथून जातात, पण हे चिमासाहेब कोण, असं शाळकरी मुलाला विचारा. उत्तर क्वचित येतं. याचं वाईट वाटतं.

तालमी, पेठा आणि फौज यांचा काय संबंध?

कोल्हापूरची पेठ तालमीभोवती उभी आहे. दंडपट्टा, विटा, लाठी हे मर्दानी खेळ शिवाजी पेठेत आणि इतरत्रही अजून शिकवले जातात. शिवजयंतीला किंवा दसऱ्याला प्रात्यक्षिक असेल तर गर्दीत पुढे जाऊन पट्टा फिरवणाऱ्याच्या पायांकडे बघा. लोक हाताकडे बघतात, पण सगळं कसब पायांत असतं. टाच उचललेली, भार सारखा या पायावरून त्या पायावर, आणि एक पाऊलही रिंगणाबाहेर नाही.

कुस्तीला राजर्षी शाहू महाराजांनी राजाश्रय दिला. खासबाग मैदान १९१२ चं. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींत बाहेरगावची पोरं येऊन राहू लागली. फुटबॉलमध्येही तेच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठेची इज्जत मैदानात उतरते. बाहेरचे याला ‘रांगडेपणा’ म्हणतात. मला त्यात शिस्त दिसते. पहाटे चारला उठून माती उकरणारा, जोर-बैठका मारणारा, वस्तादासमोर मान खाली घालणारा मुलगा पलटणीत गेला की त्याला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

शाहू महाराज लष्कराच्या बाबतीत काय करत होते?

पहिल्या महायुद्धात त्यांनी मराठा भरतीला मोठा पाठिंबा दिला. मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या उपासमारीने गांजल्या. भरतीला पाठिंबा देणं योग्य होतं का, यावर आज वाद होऊ शकतो. शिक्षण, आरक्षण आणि फौज हे बहुजन पोरांसाठी मानाने जगायचे तीन रस्ते, असा त्यांचा हिशेब दिसतो. ज्यांना सरकार जन्मतः गुन्हेगार ठरवत होतं त्या फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. माणसावर हत्यार सोपवणं म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकणं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

राजाराम रायफल्स म्हणजे काय?

कोल्हापूर संस्थानची पायदळ पलटण. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ही पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामावली गेली. घरात कुणाच्या फोटोवर किंवा बिल्ल्यावर हे नाव असेल तर मागची तारीख आणि गाव आत्ताच लिहून ठेवा. सांगणारी माणसं झपाट्याने कमी होत आहेत.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी लष्करी होती का?

नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ दरम्यान जवळपास ५,००० पोलिश निर्वासित तिथे राहिले, बहुतांश बायका आणि मुलं. फाळणीनंतर त्याच परिसरात सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेलं स्मारक आहे.

टेंबलाईच्या टेकडीवर कोणती बटालियन आहे?

१०९ इन्फन्ट्री बटालियन, प्रादेशिक सेना, मराठा लाइट इन्फन्ट्री. लोक सरळ ‘टीए बटालियन’ म्हणतात. प्रादेशिक सेनेची कल्पना अशी, की माणसाने आपला कामधंदा सांभाळावा, ठरावीक काळ प्रशिक्षण घ्यावं आणि बोलावणं आलं की गणवेश चढवावा. गडकऱ्याचा रिवाज तुम्हाला आठवला असेल. फरक मोठा आहे, जमिनीचं वतन नाही आणि हक्क वारशाने येत नाही, पण नांगर आणि हत्यार एकाच हातात ही कल्पना या मुलखाला परकी नाही. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते आणि कोहळा फोडायचा विधी होतो, तेव्हा सगळं शहर त्या टेकडीकडे लोटतं.

मग मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र कोल्हापूरला का नाही?

बेळगावात १८३२ पासून छावणी होती, जागा होती, बराकी होत्या. १९२२ पासून रेजिमेंटचं केंद्र तिथे आहे. आमच्याकडच्या आयांना बेळगाव माहीत असतं ते कसम परेडमुळे. पोरगा शपथ घेणार म्हणून एस.टी.ने निघालेल्या घरांत नऊवारीतल्या आज्याही असतात.

जिल्ह्यातून सैन्यात गेलेलं एक नाव सांगायचं तर?

लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात. जन्म १९०६, वडगावचा. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी पंजाब रेजिमेंटच्या बटालियनचं नेतृत्व केलं आणि डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळवला. कोरियात भारतीय संरक्षक दलाचे प्रमुख होते. १९५७ ते १९६१ मध्ये पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी ‘लाल किला’ नावाचा युद्धसराव घेतला आणि चीनचा हल्ला कसा येईल, आपण कुठे कमी पडू, हे आधीच मांडलं. दिल्लीने ते मनावर घेतलं नाही. १९६२ मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

आज भरतीचं चित्र कसं आहे?

शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला ‘सैनिक टाकळी’ म्हणतात, कारण तिथे फौजेत कुणीच नाही असं घर शोधावं लागतं. गडहिंग्लज, भुदरगड, आजरा, चंदगड, कागल या तालुक्यांतही गावोगाव आजी-माजी सैनिक आहेत. सामानगड आणि भुदरगड याच पट्ट्यातले. या तालुक्यांतल्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाचला जा. सोळाशे मीटरचा सराव करणारी पोरं-पोरी भेटतील. रस्त्याकडेला चुन्याने मारलेल्या खुणा, एकाच्या हातात मोबाईलवर स्टॉपवॉच, आणि पायात बूट असतीलच असं नाही.

२०२२ पासून अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी बहुतेकांना परत यावं लागणार, ही काळजी घराघरांत आहे आणि ती खरी आहे. पूर्वी फौजेतला मुलगा म्हणजे कर्ज फिटणार, बहिणीचं लग्न होणार, पेन्शन येणार, असा हिशेब होता. तो बिघडला आहे. तरी पहाटेची गर्दी ओसरलेली नाही. त्या मुलांना माझं सांगणं एवढंच, की पदवीचा अभ्यास सोडू नका. ‘भरती होतेच’ म्हणून बारावीनंतर शिक्षण थांबवणाऱ्यांचे नंतर फार हाल होतात.

एका दिवसात यातलं काय बघून होईल?

सकाळी टाउन हॉलचं संग्रहालय आणि भवानी मंडप. मग पन्हाळा, शहरापासून सुमारे २० किलोमीटर. गडावर तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, अंधारबाव आणि चार दरवाज्याचे अवशेष एवढं सावकाश पाहा. २०२५ मध्ये पन्हाळा इतर गडांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून गर्दी वाढली आहे, म्हणून शनिवार-रविवार टाळा. पावनगड शेजारीच आहे आणि बहुतेक वेळा मोकळा मिळतो.

पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचं असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. जुलैमध्ये दरवर्षी मोहिमा निघतात, दोन दिवस लागतात, मधे वाडी-वस्तीवर मुक्काम होतो. पाऊस आणि चिखल गुडघ्याशी खेळत असतो. नवे बूट घालून येऊ नका, सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, आणि ज्या वाडीत राहाल तिथल्या लोकांना जेवणाचं आधी कळवा.